दोन्ही बाजूंना पाठिंब्याचं पत्र हवंय, सही करू का?

प्रश्न थोडक्यात असा: "वकीलसाहेब, मी नगरपरिषदेवर अपक्ष निवडून आलोय. पहिलीच वेळ. उपनगराध्यक्षपदासाठी दोन गट समोरासमोर आहेत आणि संख्याबळ असं आहे की माझ्या एका मतानं पारडं फिरेल. निकालानंतर एका नेत्याच्या वाड्यावर सत्काराला गेलो, तिथं 'सगळेच देतायत' म्हणून दोन कोऱ्या कागदांवर सह्या करून बसलो. मन दुसऱ्या उमेदवाराकडे आहे. तेही आता लेखी पाठिंबा मागतायत, वर आघाडीच्या नोंदणीचे कागद पुढं करतायत. आधीचा पाठिंबा मागं घेता येतो का? दोन्हीकडं सही झाली तर सदस्यत्व जातं का? घरचे घाबरलेत."

घाबरलात ते बरं झालं, घाबरलेला माणूस निदान कागद वाचतो. निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. अपक्ष सदस्यानं एखाद्या उमेदवाराला एका निवडणुकीपुरता पाठिंबा दिला म्हणून त्याचं सदस्यत्व जात नाही. तो पाठिंबा मत पडेपर्यंत मागंही घेता येतो. आघाडीच्या नोंदणीचा कागद मात्र वेगळं प्रकरण आहे, तिथं सही केलीत की परतीची वाट बंद. आणि ते दोन कोरे कागद हे तुमचं आजचं काम आहे. उद्याचं नाही.

मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करतो, पण पोट खरं भरलं ते जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात: नगरपालिका, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्या सदस्यांच्या अपात्रतेच्या सुनावण्या. पाठिंब्याची पत्रं ढिगानं पाहिली. लेटरहेडवरची, शाळेच्या वहीतून फाडलेल्या पानावरची, एक तर लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेलं. नव्या माणसाला वाटतं, वाद 'ही सही तुमची का' यावर होत असेल. क्वचितच होतो. सही बहुतेक वेळा कबूलच असते. वाद होतो तो सही कशाखाली आहे यावर. वर मजकूर काय, पत्र कुणाच्या नावे, कशापुरतं, तारीख कुठली. तुमच्या कागदांवर वर काहीच नाही, म्हणजे उद्या काहीही असू शकतं.

हा घोळ फक्त आपल्या गावातला नाही, हे सांगायला मी पक्षकारांना बोम्मईंची गोष्ट सांगतो. नाव सगळ्यांना ठाऊक असतं, गोष्ट कुणालाच नसते. एप्रिल १९८९, कर्नाटकात जनता दलाचं सरकार, मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई. त्यांच्याच पक्षाचे एक आमदार राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांच्याकडे १९ आमदारांची पत्रं घेऊन गेले: आमचा सरकारचा पाठिंबा काढून घेत आहोत. राज्यपालांनी दिल्लीला अहवाल धाडला. दुसऱ्याच दिवशी त्या १९ पैकी ७ जणांनी कळवलं की आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या, आमचा पाठिंबा सरकारलाच आहे. बोम्मई सभागृहात बहुमत दाखवायला तयार होते. तरीही २१ एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठानं मार्च १९९४ मध्ये सांगितलं की बहुमत आहे की नाही हे सभागृहात ठरतं, राजभवनात मोजलेल्या पत्रांवरून नाही.

या निकालातून राजकारणी लोक 'फ्लोअर टेस्ट' एवढंच लक्षात ठेवतात. मी त्या सातजणांकडे बघतो. त्यांनी केलेली बरोबर गोष्ट एकच होती: दोन-तीन दिवसांच्या आत, लेखी, ज्यांच्याकडे पहिला कागद गेला त्यांच्याचकडे दुसरा कागद धाडला. सरकार वाचलं नाही, पण पाच वर्षांनी न्यायालयासमोर त्या सात पत्रांना वजन आलं. महिनाभरानं 'मला फसवलं' म्हणणाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. उशीर का झाला, हा पहिला प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा लाजिरवाणं असतं.

मग २०१९ चं आपलं नाट्य. २८८ च्या सभागृहात भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. ११ नोव्हेंबरला शिवसेनेचे नेते राजभवनावर गेले, सरकार बनवायची तयारी सांगितली, पण मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रं हातात नव्हती. तीन दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. पाठिंबा होता की नव्हता यावर आजही गप्पा रंगतात. कागद नव्हता एवढं नक्की. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट. आणि २३ तारखेला पहाटे ती उठवून सकाळी आठच्या सुमारास शपथविधी, तो कशाच्या जोरावर? राष्ट्रवादीचे विधिमंडळ पक्षनेते म्हणून अजित पवारांनी दिलेल्या पत्राच्या, ज्याला ५४ आमदारांच्या सह्यांची यादी जोडलेली होती. त्याच दिवशी नवाब मलिकांनी सांगितलं की त्या सह्या बैठकीच्या हजेरीसाठी घेतलेल्या होत्या. न्यायालयात युक्तिवाद झाला तोही असाच: सह्या असतील, पण त्या भाजपला पाठिंबा देणाऱ्या मजकुराखाली नाहीत. २५ तारखेच्या संध्याकाळी तिन्ही पक्षांनी मुंबईतल्या एका हॉटेलात 'आम्ही १६२' म्हणून आमदार उभे करून दाखवले, शपथ दिली. २६ ला न्यायालयानं सह्यांच्या खरेखोटेपणात न शिरता सांगितलं की उद्या संध्याकाळी पाचच्या आत सभागृहात, गुप्त मतदान न करता, थेट प्रक्षेपणासह बहुमत दाखवा. त्याच दुपारी आधी अजित पवारांनी आणि मग फडणवीसांनी राजीनामा दिला. पुढं ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूनं १६९ मतं पडली.

चौपन्न निवडून आलेली माणसं, त्यातली कित्येक दोन-तीनदा आमदार झालेली. त्यांच्या सह्या कशाखाली होत्या यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात रविवारी सुनावणी बसली. तुम्ही तर कोरे कागद देऊन आलाय.

(हजेरीची सही हा प्रकार मी स्वतः दोनदा पाहिलाय. एकदा सह्यांच्या पानाला वरच्या बाजूला दुसरं पान पिन केलेलं होतं आणि सह्यांचा अनुक्रमांक १ ऐवजी ४ पासून सुरू होत होता. पहिले तीन कुठं गेले, एवढंच विचारलं. प्रकरण तिथंच बसलं.)

कागदात काय आहे यापेक्षा काय नाही हे कधी कधी जास्त महत्त्वाचं ठरतं, आणि त्याचा धडाही आपल्याच राज्यातला आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या ३४ आमदारांनी ठराव केला, राज्यपालांकडे गेला. त्यानंतर राज्यपालांनी ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. ठाकरे यांनी २९ च्या रात्रीच राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ११ मे २०२३ ला तो ठराव शब्द न् शब्द वाचला आणि म्हटलं की यात नाराजी आहे, पण 'सरकारचा पाठिंबा काढून घेतो' असं कुठं आहे? पक्षातलं भांडण म्हणजे सरकारविरोधी मत नव्हे, आणि राज्यपालांसमोर बहुमत चाचणी मागण्याइतपत ठोस आधार नव्हता. पण ठाकरे चाचणीला सामोरेच गेले नव्हते, त्यामुळं त्यांना परत बसवता येत नाही, हेही त्याच निकालात. हा निकाल मी दर नव्या ज्युनिअरला वाचायला लावतो. 'नाराज आहोत', 'विश्वास उरला नाही', 'पाठिंबा काढला', 'अमुक यांना पाठिंबा दिला' ही चार वेगळी वाक्यं आहेत. गावात आपण ती एकाच दमात बोलतो. कागदावर तसं चालत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: मागं घेता येतो का. येतो. पाठिंब्याचं पत्र म्हणजे मत नव्हे, करारही नव्हे. आज माझा कल इकडं आहे, एवढीच ती कबुली. १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना बोलावण्याआधी मित्रपक्षांची पत्रं मागितली, तेव्हा जयललितांच्या पत्रासाठी दिल्ली ताटकळली होती. तेरा महिन्यांनी, १४ एप्रिल १९९९ ला, त्याच जयललितांनी राष्ट्रपतींना पाठिंबा काढल्याचं पत्र दिलं आणि १७ तारखेला सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मतानं पडलं. पहिल्या पत्रानं त्यांना बांधून ठेवलं नव्हतं. लोकांनी काय बोलायचं ते बोलले, तो भाग वेगळा.

दोन्हीकडं सही असेल तर? त्यालाही मोठी परंपरा आहे. १९७९ मध्ये मोरारजी देसाई आणि चरणसिंग या दोघांनीही राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींकडे पाठीराख्यांच्या याद्या दिल्या आणि काही खासदारांची नावं दोन्ही याद्यांत निघाली. दोन पत्रं दिली म्हणून अपात्र, असा नियम तुमच्या बाबतीत नाही. जिथं कायद्याला हे नको असतं तिथं तो तसं लिहितो. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, आणि एका मतदारानं दोन अर्जांवर सही केली तर जो अर्ज आधी दाखल झाला त्यावरचीच धरतात, दुसरीकडची बाद. पाठिंब्याच्या पत्राला असं काही नाही, शेवटी सभेतलं मत मोजतात. नुकसान होतं ते शब्दाचं. पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंना कळलं की हा दोन्हीकडं सही देतो, की पुढची चार वर्षं तुमच्या प्रभागातली गटार कुणीही बांधून देत नाही. हे कायद्याच्या पुस्तकात नाही, अनुभवाचं आहे.

उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही मागितली तर मात्र दहा वेळा विचार करा. तो पाठिंबा नाही, तो अर्जाचा भाग आहे. २०२४ च्या लोकसभेला सुरतमध्ये काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी 'या सह्या आमच्या नाहीत' अशी प्रतिज्ञापत्रं दिली, अर्ज बाद झाला, बाकीचे उमेदवार बाजूला झाले आणि भाजपचा उमेदवार २२ एप्रिलला बिनविरोध निवडून आला. लाखो मतदारांना मतदान यंत्र बघायलाही मिळालं नाही. सूचकाची सही इतकी जड असते.

आता आघाडीच्या कागदांकडे येतो. इथं थोडं सावकाश वाचा.

आपल्याकडे स्थानिक संस्थांसाठी वेगळा पक्षांतरबंदी कायदा आहे, १९८६ चा, महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम. त्यात अपक्षाबद्दल साधी अट आहे: अपक्ष निवडून आलेला सदस्य निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात, आघाडीत किंवा फ्रंटमध्ये सामील झाला तर तो अपात्र. मग नोंदणी कशी करतात? नगरपरिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या कायद्यांत एक खिडकी ठेवली आहे. विषय समित्यांच्या जागा आणि स्वीकृत सदस्य हे तौलनिक संख्याबळावर, म्हणजे ज्याचे जितके सदस्य त्या प्रमाणात, वाटायचे असतात, म्हणून निकाल अधिसूचित झाल्यापासून एका महिन्याच्या आत पक्ष, गट, अपक्ष यांना एकत्र येऊन आघाडी नोंदवता येते. या मुदतीत नोंदणी केली तर १९८६ चा कायदा आड येत नाही. पण पुढचं वाक्य कुणी वाचून दाखवत नाही. नोंदणी झाली की ती आघाडी निवडणुकीआधीच नोंदवलेली असल्यासारखी धरली जाते आणि तोच कायदा तुम्हाला सभासद म्हणून लागू होतो. म्हणजे गटनेत्याचा पक्षादेश तुम्हाला पाळावा लागेल. तो मोडून मत दिलंत किंवा गैरहजर राहिलात आणि त्यांनी १५ दिवसांत माफ केलं नाही तर अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार. वर्षभरानं आघाडी सोडलीत तर 'स्वेच्छेनं सदस्यत्व सोडलं' म्हणून जाणार. अपक्ष म्हणून जी मोकळीक लोकांनी दिली ती त्या एका सहीनं संपते.

करू नका असं मी म्हणत नाही. समितीचं सभापतिपद हवं असेल, प्रभागात कामं ओढायची असतील तर आघाडीत जाणं शहाणपणाचंही असतं. फक्त 'पाठिंब्याचंच पत्र आहे हो' असं म्हणून पुढं केलेल्या गठ्ठ्यात तिसऱ्या-चौथ्या पानावर नोंदणीचं संमतिपत्र असतं, ते ओळखा. खूण सांगतो: पाठिंब्याच्या पत्रात उमेदवाराचं नाव असतं, नोंदणीच्या कागदात आघाडीचं आणि गटनेत्याचं नाव असतं आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे असतो.

अपक्षानं पाठिंबा देणं आणि पक्षात सामील होणं यातला फरक न्यायालयांनीही मानलाय. कर्नाटकात पाच अपक्ष आमदारांनी येडियुरप्पा सरकारला पाठिंबा दिला, मंत्रीही झाले, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्यपालांना पत्र देऊन पाठिंबा काढला. तुम्ही भाजपमध्ये सामील झालाच होता असं म्हणून विधानसभा अध्यक्षांनी त्यांना अपात्र केलं. सर्वोच्च न्यायालयानं ते टिकू दिलं नाही: सरकारला पाठिंबा दिला, मंत्रिपद घेतलं, म्हणून अपक्ष पक्षाचा सभासद होत नाही. पण हे त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळालं, हेही धरा. तुमचा वकील तुम्हाला तिथवर न्यायला परवडणार आहे का?

तुमच्या शेजारच्या प्रभागातला मित्र पक्षाच्या चिन्हावर निवडून आला असेल तर त्याला हा सल्ला देऊ नका. त्याचं गणित उलटं आहे. गोव्यात डिसेंबर १९९० मध्ये मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाचे दोन आमदार राज्यपालांना भेटून आपल्या पक्षाला पाठिंबा नसल्याचं सांगून आले. राजीनामा दिलेला नव्हता. सभापतींनी अपात्र ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं: सदस्यत्व सोडणं म्हणजे फक्त राजीनामा देणं नव्हे, वागण्यावरूनही ते कळतं. उत्तर प्रदेशात तर याहून सरळ घडलं. २७ ऑगस्ट २००३ ला बसपच्या १३ आमदारांनी राज्यपालांना पत्र दिलं की मुलायमसिंग यादवांना सरकार बनवायला बोलवा. २००७ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की दुसऱ्या पक्षाच्या नेत्याला बोलवा असं लिहून देणं म्हणजेच आपला पक्ष सोडणं, आणि अपात्रता त्याच तारखेपासून धरली. तुमच्यासाठी जे पत्र निरुपद्रवी आहे तेच मित्राचं पद घालवू शकतं. रात्री चहाच्या टपरीवर दोघं मिळून एकाच कागदावर सही करायला निघाला असाल तर थांबा.

आणि वागण्यावरून कळतं म्हणजे काय, तेही सांगतो. एका अपक्ष सदस्याचं प्रकरण माझ्याकडे होतं. पत्र बिनचूक, मीच लिहून दिलेलं. समोरच्या वकिलानं पत्राला हातच लावला नाही. त्यानं फोटो काढले. गळ्यात पक्षाचा पंचा, अंगभर गुलाल, जीपच्या बॉनेटवर नेत्याचा हात धरून उभा. शिवाय चौकातला फ्लेक्स: 'पक्षप्रवेशाबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली माझ्या पक्षकाराचा हसरा चेहरा. फ्लेक्स कुणी लावला? उत्साही कार्यकर्त्यांनी. पक्षकाराला माहीत होतं का? होतं, त्यानं खाली उभं राहून सेल्फी काढलेला. आम्ही ते प्रकरण जिंकलो, कारण पक्षाच्या सभासद नोंदणीत त्याचं नाव नव्हतं आणि त्यानं वर्षभर पक्षाच्या एकाही बैठकीला हजेरी लावलेली नव्हती. पण दोन वर्षं तो दर तारखेला एस.टी.नं जिल्ह्याला येत होता. तेव्हा सत्कार घ्या, शाल-नारळ घ्या, हार घाला. पंचा घालू नका. फ्लेक्सवर 'प्रवेश' शब्द दिसला तर त्याच दिवशी उतरवून घ्या आणि उतरवल्याचा फोटो ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही हेच.

पैशाचा विषय तुम्ही काढला नाहीत, म्हणून मीही लांबवत नाही. नगरसेवक भ्रष्टाचारविरोधी कायद्याखाली लोकसेवक धरला जातो. सहलीचा खर्च, 'प्रभागाच्या कामासाठी' म्हणून आलेलं पाकीट, काहीही घेऊ नका. आमदार-खासदारांनाही मतासाठी घेतलेल्या पैशाला संरक्षण नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायमूर्तींनी मार्च २०२४ मध्ये सांगितलंय, आणि घेतलं की गुन्हा पुरा झाला, मत दिलं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचा ठरलाच असेल तर मजकूर माझा वापरा. छापील नमुने घेऊ नका, त्यात 'आणि त्यांच्या नेतृत्वाखालील आघाडीस' अशी शेपटी असते.

"मी, प्रभाग क्रमांक ….. मधून अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य, दिनांक ….. रोजी होणाऱ्या सभेतील उपनगराध्यक्षपदाच्या निवडणुकीपुरता श्री. / श्रीमती ….. यांना पाठिंबा देत आहे. मी कोणत्याही पक्षात, आघाडीत अथवा गटात सामील झालेलो नाही व होण्यास संमती दिलेली नाही. हे पत्र वरील कारणाव्यतिरिक्त अन्य कोणत्याही कामी वापरू नये. यापूर्वी माझ्या सहीचा अन्य कोणताही कागद असल्यास तो या कामी ग्राह्य धरू नये."

सगळं स्वतःच्या हातानं लिहा. टाईप केलेलं पान बदलता येतं, तुमचं अक्षर बदलता येत नाही. मजकूर संपतो तिथं लगेच सही, मध्ये मोकळी जागा नको. जागा उरलीच तर तिरपी रेघ मारा. तारखेसोबत वेळ घाला, कारण एकाच दिवशी दोन पत्रं निघाली की भांडण तासांवर येतं. एकच प्रत सही करा, बाकीच्या झेरॉक्स. लेटरहेडवर उगाच 'नगरसेवक, अमुक आघाडी' छापून घेतलं नाहीत ना, तेही बघा. हसू नका, माझ्याकडे असं लेटरहेड पुरावा म्हणून आलंय.

आता ते दोन कोरे कागद. नेत्याच्या वाड्यावर जाऊन ते परत मागा, पण एकटे जाऊ नका, वडीलधारं कुणी बरोबर न्या. हात जोडून मागा, भांडू नका. मिळाले तर तिथंच फाडू नका, घरी आणून सहीवर आडवी रेघ मारून जपून ठेवा. मिळतील ही आशा मात्र धरू नका. 'कुठं गेले बघतो' असं उत्तर येतं. म्हणून त्याआधीच अर्ज द्यायचा. दोन प्रती, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक मुख्याधिकाऱ्यांना. मजकूर छोटा: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, सत्काराच्या वेळी माझ्या सह्या दोन कोऱ्या कागदांवर घेण्यात आल्या. त्यावर मी कोणताही मजकूर लिहिलेला नाही, कोणत्याही मजकुरास संमती दिलेली नाही. त्या सह्यांच्या आधारे पाठिंबा, आघाडी नोंदणी किंवा राजीनामा असा कोणताही कागद सादर झाल्यास मला समक्ष बोलावून विचारल्याशिवाय त्यावर कार्यवाही करू नये.

'राजीनामा' हा शब्द मुद्दाम घातलाय. कोऱ्या कागदाचा सर्वांत वाईट उपयोग तोच असतो आणि तुमच्या डोक्यात तो आलेला नाही हे प्रश्नावरून दिसतंच आहे.

अर्जात कुणावर आरोप करू नका. 'फसवून', 'दबाव टाकून', 'धमकी देऊन' हे शब्द खरे असतील तरच लिहा. तुम्ही स्वतःच म्हणताय की सगळे देत होते म्हणून दिल्या, मग तसंच लिहा. खोटं एक वाक्य घातलंत की उलटतपासणीत तेच धरून बाकीचा खरा अर्जही पाडतात. नोटरीकडे धावायची आज गरज नाही, प्रतिज्ञापत्र लागलं तर सुनावणीच्या वेळी करू.

सभेची नोटीस हातात आलेली आहे असं समजून सांगतो: सोमवारी कार्यालय उघडताच जिल्ह्याला जा, आवक-जावक टेबलावर अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का तिन्ही हवेत. कारकून 'ठेवा, नंतर मारतो' म्हणेल. तिथंच उभे राहा. शिक्का पुसट उमटला तर दुसरा मारून घ्या, आणि त्या पोचेचा फोटो घरी पोहोचायच्या आधी मला पाठवा.